घरचा पाव

मालवणी मुलखात माणूस ‘घरची भाकरी’ म्हणतो, ‘घरच्या आंबोळ्या’ म्हणतो, ‘घरचे वडे’ म्हणताना तर त्याच्या तोंडाला पाणी सुटते. ‘घरचा पाव’ मात्र कोणी म्हणत नाही. पाव हा विकतचाच. तो सकाळी दारावर यायचा, फडक्यात नाहीतर टोपलीत. आणि ज्या घरात तो घेतला जाई त्या घरातही तो बहुधा स्वयंपाकघरापर्यंत पोचत नसे, ओटीवरच चहाबरोबर संपे.

आयर्लंडात नेमके उलटे आहे. तेथे घरचा पाव हीच मूळ वस्तू, आणि बेकरीचा पाव नंतरचा. ताकात कणीक कालवायची, त्यात चिमटीने खाण्याचा सोडा टाकायचा, वर सुरीने फुलीसारखी चीर द्यायची आणि गोळा निखाऱ्यांत ठेवायचा, की पाऊण तासात पाव तयार. ना भट्टी, ना खमीर, ना रात्रभराची वाट. गरीब शेतकऱ्याच्या झोपडीत हे रोजचे काम होते.

दोन्ही मुलूख पावसाचे, समुद्राकाठचे, गरिबीचे आणि परदेशी स्टीमर धरून पोटामागे जाणाऱ्या माणसांचे. मग एका ठिकाणी फुगलेली भाकर चुलीवर आली आणि दुसऱ्या ठिकाणी ती उंबरठ्याबाहेरच का राहिली? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. विषय खाण्याचा असल्यामुळे तो हलका आहे असे कोणी समजू नये. आपल्या समाजाने ज्या गोष्टींवरून माणसे वाळीत टाकली, त्यांत तलवारीपेक्षा ताटाचा वाटा मोठा आहे.

आधी आयर्लंडचे पाहू, कारण ते लवकर आटोपते. सोड्याचा पाव हा काही पुरातन पदार्थ नव्हे. मिठापासून सोडा करण्याची रीत फ्रान्समध्ये लेब्लांक याने १७९१ साली शोधली. तेव्हापासून सोडा कारखान्यात होऊ लागला आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत तो वाण्याच्या पुडीत आला. ह्या पावाची कृती १८३६ साली अल्स्टर प्रांतातील न्यूरी गावच्या वृत्तपत्रात आल्याचा दाखला देतात. नऊ वर्षांनी, १८४५ साली, बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंडात महादुष्काळ आला. त्या काळात नि त्यानंतर हा पाव घरोघर पोचला. तेथील ओलसर हवेत होणारा गहू मऊ, चिकटपणा कमी असलेला. यीस्ट घालून तो नीट फुगत नाही. पण सोड्याला चिकटपणा फारसा लागतच नाही. लोणी काढून उरलेले ताक घरोघर होतेच. सोडा हा खार आणि ताक हे आम्ल. दोघांची गाठ पडली की त्याच क्षणी वायू सुटतो, आणि तो पिठात अडकून गोळा फुगतो. म्हणून हे पीठ मळायचे नसते, हाताने जेमतेम गोळा करून लगेच विस्तवात घालायचे असते. जितका उशीर, तितका वायू फुकट.

आणि भट्टी? ती नव्हतीच. तीन पायांचे, झाकणाचे एक जाड बिडाचे भांडे असे. खाली दलदलीतून कापून वाळवलेल्या पीट नावाच्या जळणाचा विस्तव, आणि झाकणावरही त्याचेच निखारे.

हे झाकणावरचे निखारे आपण लक्षात ठेवावेत. त्यांच्याकडे मला परत यायचे आहे.

आता आपला किनारा. इथे पहिली अडचण धान्याची. वर्षाला ऐंशी-शंभर इंच पाऊस, तोही चार महिन्यांत. खाली जांभा दगड, त्यावर पातळ लाल माती. पाणी पडते तसे वाहून जाते. गव्हाला लागणारी थंडी नाही आणि ओल धरणारी काळी जमीनही नाही. तेव्हा इथे भात, नाचणी, वरी, हरीक. गहू यायचा तो घाटावरून, रामघाट, आंबोली, फोंडा अशा वाटांनी बैलांच्या पाठीवर, आणि पुढे गलबतातून. तो सणाच्या पुरणपोळीपुरता. ज्या घरात गव्हाची पोळी हीच वर्षातून चार वेळा होते, त्या घरात गव्हाचा पाव रोज कोण भाजणार?

परंतु गव्हावाचून फुगलेली भाकर होतच नाही असे नाही, आणि आपल्या बायकांनी ते केव्हाच सिद्ध केले आहे. गव्हाच्या पिठात पाण्याबरोबर लवचीक जाळे धरणारे सत्त्व असते; तांदळात ते नाही. म्हणून नुसत्या तांदळाच्या पिठात वायू टिकत नाही. आंबोळीत ते काम उडीद करतो. तांदूळ, उडीद, चार मेथीदाणे भिजवून संध्याकाळी वाटले, की हवेतले आणि दाण्यांवरचे जिवाणू रात्रभर आपले काम करतात. पीठ आंबते, वायू सुटतो, उडदाचा बुळबुळीतपणा तो धरून ठेवतो. सकाळी बिडाच्या तव्यावर जाळी पडते. खापरोळी त्याच कुळातली. खापरावर भाजली जाई म्हणून खापरोळी. जाड, मऊ, आणि नारळाच्या गोड रसात बुडवायची. म्हणजे आंबवण्याची विद्या घरात होती. युरोपातल्या बाईला ती यीस्टच्या रूपाने ठाऊक होती, मालवणच्या बाईला उडदाच्या रूपाने. एवढाच फरक.

पाव हा शब्द पोर्तुगीज ‘पाँव’ ह्यावरून आला, आणि तो लॅटिन ‘पानिस’वरून. पायांनी पीठ तुडवतात म्हणून पाव, किंवा चार जोडलेल्यांतला चौथा भाग म्हणून पाव, ह्या दोन्ही व्युत्पत्त्या चहाच्या दुकानात चांगल्या शोभतात, पण त्यांत तथ्य नाही. बटाटा, चावी, पगार, तुरुंग, पिंप हे शब्द ज्या गलबतातून उतरले त्यातूनच हाही उतरला. १५१० साली आल्बुकर्कने गोवा घेतले, १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली. त्यांना जेवायला आणि त्याहून अधिक प्रार्थनेला गव्हाचा पाव हवा. गहू बाहेरून आणता आला, पण यीस्ट कुठून आणणार? ते उत्तर माडावर टांगलेले होते.

माडाची पोय बांधून, तिला रोज चाकूने छेद देऊन जो रस मडक्यात गोळा होतो तो सकाळी गोड असतो. उन्हे वर आली की तो फसफसू लागतो. तीच माडी, गोव्याकडे तिला सूर म्हणतात. फसफसते ते नैसर्गिक यीस्टमुळे. ही माडी पिठात घातली की पाव फुगतो, आणि त्याला किंचित आंबूस, सुगंधी चव येते. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतल्या तांदळाच्या सान्ना आणि वसईकडचे फुगे ह्यांनाही हीच माडी लागत असे. तेव्हा ज्या पावाला आपण परका म्हणत आलो त्याचा प्राण ह्याच किनाऱ्याच्या माडाचा होता. तो प्राण काढणारा भंडारीही इथलाच. त्याच्या बापजाद्यांनी गलबतांवर आणि किल्ल्यांवर चाकरी केली आणि चाकरी नसेल तेव्हा माड काढले. परका होता तो फक्त गहू आणि भाजणाऱ्याचा धर्म.

गोव्यात ह्या पावाचे घराणेच उभे राहिले. सासष्टीतले माजोर्डे गाव पदेरांबद्दल, म्हणजे पाव भाजणाऱ्यांबद्दल, प्रसिद्ध आहे. घुमटाकार मातीची भट्टी, लाकडाचा जाळ, लांब दांड्याचे फळे. आणि त्यातून निघणारे प्रकार तरी किती! कडक कवचाचा उंडा, कातरीने कापून फुलवलेला कातऱ्याचो पाव, बांगडीसारखे कांकण, आणि कोंडा लावलेली, आतून पोकळ असलेली पोयी. (माडाच्या पोयीशी ह्या पोयीचे काही नाते नाही, ही आपल्या पोळीची बहीण.) पोर्तुगिजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून डिचोली, सत्तरी आणि १७८८ साली पेडणे घेतले, तेव्हा ही पावाची हद्द थेट तेरेखोलच्या खाडीला येऊन भिडली. अलीकडे सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण इथल्या ख्रिस्ती कुटुंबांची सोयरीक गोव्यात; तेव्हा पाव खाडी ओलांडणार हे ठरलेलेच. वेंगुर्ल्याला तर त्याआधीही गोऱ्यांची वर्दळ होती. १६३८च्या सुमारास डच लोकांची तेथे वखार होती, आणि गोव्याची आठ-आठ महिने नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांचा शिधा वेंगुर्ल्यातून भरला जाई. जहाजाच्या शिध्यात कडक बिस्किट नसते तरच आश्चर्य!

म्हणजे गेली तीन-साडेतीन शतके पाव आपल्या कुंपणापर्यंत येऊन उभा होता. आत का आला नाही?

ह्याचे उत्तर आपणां सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, गावाने ते पाणी प्यायले, आणि गाव बाटले! वसईपासून गोव्यापर्यंत ही गोष्ट सांगतात. इतिहासाच्या दृष्टीने ह्या गोष्टीकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. गोव्यातल्या धर्मांतराचा जो लेखी पुरावा आहे त्यात देवळे पाडणे आहे, १५५९ सालचा पोरक्या मुलांविषयीचा कायदा आहे, १५६० साली आलेले आणि मधल्या थोड्या खंडासह १८१२ पर्यंत चाललेले इन्क्विझिशन आहे, जमिनी नि अधिकार ह्यांची लालूच आहे. राज्ययंत्र हाती असलेल्याला गाव बाटवण्यासाठी पावाचा तुकडा लागत नाही. पण समजा, कोणी खरोखरच टाकला. तुकड्यात माणसाचा धर्म पालटण्याची शक्ती कुठून आली? ती पाद्र्याने दिली नव्हती. ती आपण दिली होती. पाणी प्यालेला माणूस घाबरून परत आला असता, तर त्याला ‘तू आता आमचा नाहीस’ असे सांगणारा पाद्री नव्हता, त्याचाच भाऊबंद होता.

हे दार उघडता येत नव्हते असे नाही. नेताजी पालकर दहा वर्षे मोगलांकडे मुसलमान होऊन राहिले आणि १६७६ साली शिवाजी महाराजांनी त्यांना परत घेतले. पण सरनौबतासाठी जे दार उघडले ते विहिरीवरच्या कुणब्यासाठी उघडले नाही. पावाची गोष्ट ही मला फिरंग्यांच्या दुष्टपणापेक्षा आपल्या भित्रेपणाची अधिक वाटते, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या सांगताना आपण दोष नेहमी विहिरीत टाकणाऱ्याला दिला, हे सोयीचेच झाले.

हा भित्रेपणा अडाण्यांचाच होता असेही कोणी म्हणू नये. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळीत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोश्यांनी उपस्थितांची नावे छापवून आणली आणि सारे पुणे उसळले. ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, प्रायश्चित्ते झाली. ह्याच रानड्यांच्या पुढाकाराने त्याआधी पंधरा वर्षे, १८७५ साली, पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झालेली होती. म्हणजे व्याख्यान ऐकण्यास हरकत नव्हती. व्याख्यानानंतर बिस्किट खाण्यास होती! राजधानीच्या विद्वानांची ही कथा, तर मालवणच्या एखाद्या विधवेने चुलीवर पाव भाजावा अशी अपेक्षा कोण करील? त्यातून तो माडी घातलेला. एका पदार्थात दोन पातके. पुढे सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना हिंदू समाजाच्या पायांतल्या ज्या सात बेड्या मोजल्या त्यांत रोटीबंदी ही एक होती, आणि १९३३ साली त्यांनी रत्नागिरीत सर्व जातींना खुले असे उपाहारगृह काढले. त्या वेळी मालवण, वेंगुर्ले हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी.

पण रोटीबंदी मोडली ती मुख्यतः भाषणांनी नव्हे, गिरण्यांच्या भोंग्यांनी. मुंबईला गेलेला चाकरमानी पहाटेच्या पाळीला जाताना इराण्याच्या दुकानात पाव-चहा घेऊन जाई. भाकरी थापायला बायको गावी होती. तेथे पाव कोणी भाजला हे विचारण्याइतका वेळ भोंगा देत नसे. गणपतीला आणि शिमग्याला तो बोटीने घरी आला की त्याच्या ट्रंकेत नानकटाई, खारी, बटर हमखास असत. म्हाताऱ्यांनी नाके मुरडली आणि नातवंडांनी डबा रिकामा केला. असा हा पाव मुंबईहून उलट्या वाटेने मालवणात शिरला. गोव्याच्या पदेराला तीनशे वर्षांत जे साधले नाही ते चाकरमान्याच्या ट्रंकेने पन्नास वर्षांत केले.

दरम्यान त्याचा मूळ प्राण मात्र गेला. १८७८च्या आबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात माडामाडावर कर बसला आणि १९४९च्या दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून माडी हा गुन्हा ठरला. तेरेखोलच्या पलीकडे १९ डिसेंबर १९६१पर्यंत पोर्तुगीज अंमल असल्याने एकाच खाडीच्या एका काठावरची माडी कायदेशीर आणि दुसऱ्या काठावरची बेकायदा असा चमत्कार काही वर्षे चालला. पुढे कायदा सैल झाला, पण तोवर बेकरीवाल्यांना कारखान्याचे यीस्ट सोयीचे वाटू लागले होते. आता गोव्यातही माडीचा पाव दुर्मिळ झाला आहे. शिवाय १९५६च्या करारानंतर अमेरिकेचा गहू आला, रेशनच्या दुकानातून तो भातखाऊ कोकणातही उतरला, आणि पाव हे गरिबाचे स्वस्त अन्न झाले. उसळ-पाव ही मालवणच्या बाजारातली न्याहारी आता इतकी आपली आहे की तिच्यात काही परके होते हे सांगावे लागते.

तरीही तो घरचा झाला नाही. आणि इथे मला त्या झाकणावरच्या निखाऱ्यांकडे परत जायचे आहे.

श्रावण-भाद्रपदात परसातल्या मांडवावर मोठमोठी तवशी लोंबू लागतात. तवस किसायचे, तांदळाचा जाडसर रवा भाजून घ्यायचा, गूळ, ओले खोबरे, वेलची, असतील तर काजूगर घालून सारे एकत्र शिजवायचे, आणि केळीचे किंवा हळदीचे पान घातलेल्या जाड बुडाच्या टोपात ओतून मंद विस्तवावर ठेवायचे. वर झाकण, आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. खालून आच, वरून आच. तासाभराने घरभर वास सुटतो. हेच धोंडस, कोणी तवसळी म्हणतात. बाई ह्याला ‘भाजणे’ म्हणते आणि ते शब्दशः खरे आहे: हे तळलेले नाही, उकडलेले नाही, तव्यावरचे नाही. भट्टीत जे होते तेच टोपात होते. आयरिश बाईचे तीन पायांचे बिडाचे भांडे आणि मालवणी बाईचा हा टोप ह्यांत तत्त्वाचा काडीमात्र फरक नाही.

तेव्हा हिशेब मांडून पाहावा. भट्टी घरात होती. आंबवण्याची विद्या घरात होती. खारही होता, पापडखार, सज्जीखार हे आपल्या घरांना नवे नव्हते. नव्हता तो गहू, आणि कोकणातल्या किरकोळ गाईंमुळे ताकही बेताचेच. ह्या दोन उणिवा खऱ्या. पण गहू रेशनवर आल्यानंतरही, ताक विकत मिळू लागल्यानंतरही पाव चुलीवर चढला नाही, ह्याचे कारण धान्यात शोधून सापडणार नाही. पाव म्हणजे ‘त्यांनी’ भाजायचा आणि ‘आम्ही’ विकत घ्यायचा, ही वाटणी विटाळ गेल्यावरही शिल्लक राहिली. विटाळ हा असाच असतो. कायद्यातून गेला, भाषणातून गेला, तरी सवयीत राहतो.

ज्या भगिनींना प्रयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठी प्रमाण सांगतो, कारण खाण्याच्या विषयावर बोलून कृती न सांगणे हा श्रोत्यांवर अन्याय आहे. साडेचारशे ग्रॅम पीठ घ्यावे. आपली कणीक आयरिश पिठापेक्षा चिवट, म्हणून निम्मा मैदा मिसळावा. त्यात चहाचा एक सपाट चमचा खाण्याचा सोडा चाळून घालावा आणि तेवढेच मीठ. सोडा वाढला तर पावाला साबणाची चव येते. साडेतीनशे ते चारशे मिलिलिटर चांगले आंबट ताक एकदम ओतून हाताने गोळा करावा, मळू नये. वर खोल फुली द्यावी म्हणजे मधपर्यंत आच पोचते. ह्या फुलीत आयरिश लोक क्रूस पाहतात, आपण हवे तर बेरजेचे चिन्ह पाहावे. तापलेल्या टोपात ठेवून खाली बेताचा विस्तव नि झाकणावर निखारे, पाऊण तास. काढल्यावर बुडावर टिचकी मारावी. पोकळ आवाज आला की झाला. सोलकढीबरोबर मात्र खाऊ नये. काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर तो उत्तम लागतो.

अडचण आहे ती निखाऱ्यांची. चुली गेल्या, गॅस आला, आणि गॅसला वरची आच नाही. म्हणून आजकाल पुष्कळ घरांत धोंडसाखाली जाड तवा ठेवतात, झाकण घट्ट लावतात, आणि तरीही ते वरून पांढरेच राहते. काही जणी ते अर्ध्यावर ताटात उलटे करून पुन्हा टोपात घालतात. ज्यांच्या मागच्या पडवीत अजून चूल आहे, त्यांच्याकडे गणपतीच्या दिवसांत शेजारणी आपापले टोप घेऊन येतात.